दुसरं काडतूस

रेनोने बंदूक जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली, तशी लेंपीने मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीचं ताट उचलून चुलीकडे नेलं.

"आत्ताच काय अडलं होतं?" ती म्हणाली. "पोरगा एवढ्या लांबून गाडी हाकत आलाय. चार घास तरी खाऊ दे त्याला."

"खाऊ दे की. मी कुठे त्याचं तोंड धरलंय? पण उद्या शिकारीचा हंगाम सुरू होतोय, आई. आज नाही बोललो तर कधी बोलू?"

डेट्रॉइटहून आलेला ओन्नी, घरातलं शेंडेफळ, अजून कोटाची बटणं काढत होता. त्याने आधी बंदुकीकडे पाहिलं, मग बापाकडे. बाप, याल्मर, खिडकीशेजारच्या खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर आणि त्यावर डावा हात दाबून धरलेला. उजव्या हाताची थरथर साऱ्या घराला ठाऊक होती, तरी तो ती झाकायचा आणि बाकीचे ती दिसत नसल्यासारखं वागायचे. बाहेर बर्फ भुरभुरत होता. उद्या हरणाचा माग काढायला तो चांगलाच होता.

"बाबा," रेनो म्हणाला, "यंदा तुम्ही शिकारीच्या कॅम्पवर या. सौना तापवा, वाफ घेत आरामात बसा. बंदूक मात्र घरी राहू दे."

"का?"

"तुम्हाला माहीत आहे का ते."

"मला माहीत असेल. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

रेनोने मान खाली घातली. पन्नाशीला टेकलेला माणूस, घरची गुरं आणि शेत एकट्याने सांभाळणारा, पण बापासमोर अजून त्याचे कान लाल व्हायचे. "गेल्या हंगामात तुमची पहिली गोळी त्या हरणाच्या पोटात लागली. दुसरी झाडायची तर काडतूस आत घ्यायची लिव्हर अर्ध्यात अडकली. ते दलदलीत शिरलं. अंधार पडेपर्यंत आपण रक्ताचे थेंब शोधत फिरलो आणि हात हलवत परत आलो. बाबा, तुम्ही लिव्हर पूर्ण ओढली नव्हती. हात मध्येच थांबला."

"ओढली होती," याल्मर म्हणाला. मग खिडकीकडे बघत, "ओढली होती असं मला वाटतं."

दाराजवळ कपाटात सायीची बरणी ठेवत असलेली हेल्मी ते दुसरं वाक्य ऐकून थांबली. ती मधल्या मुलाची, आर्वोची बायको. तांब्याच्या खाणीत छत कोसळून आर्वो गेला. त्या दिवशी बाकीचे वर थांबले असताना याल्मर खाली उतरला होता आणि मुलाला स्वतः घेऊन वर आला होता. त्यानंतर हेल्मी गावात राहायला गेली, डेअरीत कामाला लागली, पण दर रविवारी या घरी यायची. इतक्या वर्षांत या माणसाने कुठलीही गोष्ट अर्धी सोडलेली तिने पाहिली नव्हती. गोठ्याच्या दाराची कडी लावली तरी तो ती एकदा हलवून बघायचा. खाणीच्या कारखान्यात होता तेव्हा माणसं खाली नेणाऱ्या पाळण्याचा ब्रेक दुरुस्त झाला की पहिल्यांदा तो स्वतः त्या पाळण्यातून खाली जायचा, मग माणसं. आणि आज हाच माणूस 'वाटतं' म्हणत होता. गेलं वर्षभर त्याने हे एकट्याने मनात घोळवलं असणार, हे तिच्या एकदम लक्षात आलं.

"बंदूक तपासली का कुणी?" तिने विचारलं.

"मी तपासली," रेनो म्हणाला. "खळ्यामागे नेऊन दहा वेळा झाडली. एकदाही अडकली नाही."

"किती काडतुसं भरून?"

"दोन-दोन."

"आणि त्या दिवशी किती होती?"

उत्तर याल्मरने दिलं. "काडतुसांची नळी गच्च भरून. पहिल्या दिवशी मी नळी भरूनच निघतो."

"मग बघायला हवी," हेल्मी म्हणाली.

"हे तुझं बाटल्या भरायचं यंत्र नाही, हेल्मी."

"माझं यंत्र कधी अडकतं, ठाऊक आहे तुला? मागे बाटल्यांची रांग लांब असते तेव्हा. रांगेचा रेटा बसतो आणि पाळी नसलेली बाटली पुढचीच्या पाठोपाठ आत घुसते. दोनच बाटल्या ठेवल्या तर ते कसं गुणी बाळासारखं चालतं. साहेब बघायला आले की नेमक्या दोनच बाटल्या असतात."

ओन्नी हसला. "वहिनीला बघू दे ना, दादा. आपलं काय जातंय?"

"तू कालपर्यंत माझ्या बाजूने होतास."

"अजून आहे. म्हणूनच म्हणतो, बघू दे."

रेनोने आईकडे पाहिलं. लेंपी पाठमोरी उभी राहून चुलीत लाकूड सारत होती. आत आधीच तीन लाकडं होती. ऑक्टोबरात धार काढताना हिनेच त्याला सांगितलं होतं, तू थोरला आहेस, तू बोल, माझं तो ऐकायचा नाही, कुणाला काही झालं तर काय तोंड दाखवायचं? तेव्हापासून ते ओझं तो वागवत होता. आता बोलून झालं होतं, सगळ्यांच्या नजरेत वाईटही तोच झाला होता, आणि आई लाकडं सारत होती.

"बघ," तो हेल्मीला म्हणाला. "पण आजच बघ. उद्या पुन्हा तेच नको."

*

अंगणापलीकडची कामाची खोली याल्मरची. भिंतीवर कानशी एकीखाली एक टांगलेल्या, टेबलाला जुना व्हाइस, कोपऱ्यात गॅसची टाकी. खणातून त्याने एक डबा काढला. त्यात पितळी काडतुसं होती, दारू काढून टाकलेली, प्रत्येकाच्या कुशीत एकेक भोक पाडलेलं. तिन्ही मुलांना याच काडतुसांवर त्याने बंदूक धरायला शिकवलं होतं.

हेल्मीने आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली. आत बोट घालून पाहिलं, मग उजेडाकडे धरून पुन्हा पाहिलं. मग एकेक काडतूस बंदुकीच्या कुशीतल्या खिडकीतून नळीत सारलं. शेवटची दोन सारताना स्प्रिंगने चांगलाच विरोध केला. तिने बंदूक ओन्नीच्या हातात दिली.

"तू ओढ. तुझे हात काही म्हातारे नाहीत."

ओन्नीने लिव्हर खाली-पुढे ढकलली आणि परत ओढली. पितळेचं काडतूस आत बसलं. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा ते उडून जमिनीवर टणकन पडलं. तिसऱ्या वेळी 'खट्' असा बसका आवाज आला आणि लिव्हर अर्ध्यात थांबली. पुढे जाईना की मागे येईना. ओन्नीने दात आवळले.

"जोर लावू नकोस!" याल्मर आणि हेल्मी एकदमच ओरडले.



"योगायोग असेल," रेनो म्हणाला. पण त्याचा आवाज त्याच्या शब्दांच्या बाजूने नव्हता. "सोडव आणि दे माझ्याकडे."

हेल्मीने लिव्हरचा एकच स्क्रू काढला. लिव्हर खाली निघून आली, मग मागून बोल्ट सरकवून काढला. आत दिवा धरला तेव्हा सगळ्यांनाच दिसलं. काडतूस नळीतून निघालं की एका छोट्या पोलादी पट्टीवर येऊन बसतं आणि ती पट्टी त्याला वर उचलून देते. पाळी असलेलं काडतूस पट्टीवर ठीक बसलं होतं. पण दुसरं, ज्याने अजून नळीतच थांबायचं होतं, ते पुढे सरकून पट्टीच्या खाली अर्धं घुसलं होतं. पाचर मारावी तसं.

सगळं पुन्हा जोडल्यावर रेनोने स्वतः नळी भरली. त्याने लिव्हर नीट, शेवटपर्यंत, मन लावून ओढली. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला ती त्याच्याच मुठीत अडकली. तळव्याला तो धक्का बसला आणि रेनोला दलदलीच्या कडेची ती सकाळ आठवली. बाप हातातल्या बंदुकीकडे बघत होता, हरीण पळत होतं, आणि मागून तो स्वतः ओरडत होता, ओढा, पूर्ण ओढा! बापाला असाच धक्का बसला असणार. असाच, याच जागी.

"मी पूर्ण ओढली," रेनो म्हणाला.

"हो," याल्मर म्हणाला. "मी पाहिलं."

 जिंकल्यासारखं तोंड त्याने केलं नाही, मुलाला टोमणाही मारला नाही. दिवा पुढे ओढून तो स्टुलावर बसला. "स्क्रू त्या बशीत ठेव, हेल्मी. ओन्नी, दार लाव, गारठा येतोय. रेनो, तो मोठा दिवा धर. अलीकडे. अजून अलीकडे. माझ्या डोळ्यात नको, कामावर." आणि तिघंही मुकाट्याने सांगितलं ते करू लागले.

उचलपट्टी सुटी करून त्याने अंगठा आणि बोटाच्या मधे धरली. हात थरथरत होताच. पण त्याने अंगठ्याचं नख पट्टीच्या खालच्या अंगावरून हळू फिरवलं आणि एका ठिकाणी थांबला.

"इथे नख अडतंय. तू बघ."

हेल्मीने पट्टी भिंगाखाली धरली. बारीक खाच होती, नखाच्या कडेएवढी. मग तिने लिव्हरचं टोक उचलून बघितलं. जे टोक पट्टीला खालून उचलून धरतं, त्याची कड पात्यासारखी धारदार झाली होती.

"लिव्हरने पट्टी खाल्ली," ती म्हणाली. "दरवेळी थोडी थोडी. खाच पडली तेवढी पट्टी खाली बसते. नळी भरलेली असली की मागच्यांचा रेटा येतो आणि दुसऱ्याला खालून वाट मिळते."

"इतकी हरणं मारली तिने. झिजणारच," याल्मर म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, उलट कौतुक होतं. "मी दरवर्षी तेल घालत होतो. इथे नख फिरवायचं मात्र मला कधी सुचलं नाही."

"नवी पट्टी मागवू," रेनो म्हणाला.

"ती येईपर्यंत हंगाम संपेल. खाच भरून काढायची. पोलादाचा पातळ तुकडा, चांदीचा डाग, आणि मग कानस. हेल्मी, डाग देता येतो?"

"डेअरीत नळ्यांना देते."

"मग तू दे. माझा हात आज कामाचा नाही." किती सहज बोलला तो हे. उजवा हात टेबलावर उघडाच होता, थरथरत, आणि तो झाकायचं त्याच्या लक्षातही नव्हतं.

*

लेंपी कॉफीची किटली आणि वेलदोड्याच्या पावाच्या चकत्या घेऊन आली, तेव्हा खोलीत जळक्या धातूचा वास होता. ती दारातच थांबली. हेल्मी ज्योत धरून होती आणि याल्मर तिच्या खांद्याशी वाकून बोलत होता. "तुकड्याला नाही, पट्टीला तापव. पट्टी तापली की चांदी आपोआप पळते. थांब. थांब. रंग बघ. आता!" चांदी चमकली आणि झरकन फटीत शिरली. "हटव! वा, पोरी. वा."

असा आवाज लेंपीने फार दिवसांत ऐकला नव्हता. खाण चालू असताना तो संध्याकाळी घरी आला की याच आवाजात आज काय बिघडलं आणि कसं सुधारलं ते सांगायचा. तिला त्यातलं काही कळायचं नाही, तरी भाकरी भाजल्यासारखी ती प्रत्येक गोष्ट परतून परतून ऐकायची.

"अडकली का?" तिने ओन्नीला हळूच विचारलं.

"माझ्याही हातात अडकली. दादाच्याही."

लेंपीने किटली टेबलावर ठेवली. "याल्मर, एक सांगायचंय. रेनोला मीच पुढे केलं. बंदूक काढून घे म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

रेनोच्या हातातला दिवा हलला.

"दिवा स्थिर," याल्मर म्हणाला. मग बायकोकडे वळून, "तुला शिव्या देऊन मी जेवू कुठे? ओत कॉफी." आणि रेनोकडे न बघता, "आईसाठी बोलणी खाल्लीस. सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुमचं भांडण झालं असतं."

"झालं असतं. आम्हाला सवय आहे."

पुढचं काम वेळखाऊ होतं आणि तिथे सासरा-सुनेचं वाजलंही. तुकडा जाड बसला होता. पट्टी जास्त वर राहिली की लिव्हर बंदच होईना. कानस मारायची, पुसायचं, जोडायचं, ओढायचं, पुन्हा सुटं करायचं. याल्मर म्हणत होता अजून दोन हात मार. हेल्मी म्हणत होती एकच.

"दोन."

"एक. जास्त गेलं तर परत कुठून आणायचं?"

"मी खाणीचे पाळणे दुरुस्त केलेत, पोरी."

"पाळण्यात एवढी बारीक बाब नव्हती, बाबा."

ओन्नी रेनोकडे बघून पुटपुटला, "आपण दोघं बाहेर जाऊन बर्फ काढू या का?" रेनो पहिल्यांदा हसला.

हेल्मीने एकच हात मारला, तोही हलका. मग लिव्हरची धारदार कड तिने तेल लावलेल्या दगडावर फिरवली, गोल होईपर्यंत, बोट फिरवलं तर काहीच जाणवणार नाही इतकी गोल. याल्मरने पुन्हा नख फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. "एकच हवा होता," तो म्हणाला.

नळी काठोकाठ भरली. यावेळी लिव्हर याल्मरने ओढली. हात थरथरत होता, पण ओढ शेवटपर्यंत गेली, आणि काडतुसं एकामागून एक उडून ओन्नीच्या बुटांपाशी, किटलीपाशी, लेंपीच्या एप्रनवर पडत गेली. सगळी बाहेर पडली तेव्हा तो थांबला. रेनोने वाकून काडतुसं गोळा केली, पुन्हा भरली आणि बंदूक बापाकडे दिली. मग आणखी एकदा. मग त्याने स्वतः ओढली, हळू, मग भरभर, मग मुद्दाम वेडीवाकडी. लिव्हर कुठेही अडली नाही.

"उद्या मी तुमच्याबरोबर बसतो," रेनो म्हणाला. "चालेल?"

"घोरणार नसशील तर चालेल."

*

सकाळी दोघं टेकडीखालच्या मोठ्या झाडाशी बसले. उजेड फुटला तसा बर्फ निळसर झाला. रेनोची स्वतःची बंदूक झाडाला टेकवलेली होती. त्याने ती उचलायची नाही असं मनाशी ठरवलं होतं.

हरीण देवदारांतून आलं. शिंगं मोठी, मान जाड. कुशी देऊन उभं राहिलं, वाऱ्याचा वास घेत. याल्मरने बंदूक खांद्याला लावली. रेनोने श्वास धरला. बंदुकीचं टोक हवेत छोटी वर्तुळं काढत होतं. याल्मरने एकदा सोडून दिलं, पुन्हा नेम धरला. वर्तुळं थांबली नाहीत. त्याने बंदूक मांडीवर उतरवली.

"तू मार," तो कुजबुजला.

"जमेल तुम्हाला. थोडं थांबा."

"पोटात लागेल. मला माहीत आहे." त्याने बंदूक मुलाच्या मांडीवर सरकवली. "गेलं वर्षभर मला कळत नव्हतं की चुकतंय कोण, ती की मी. आता कळलंय. मार, उशीर करू नकोस."

रेनोने नेम धरला आणि गोळी झाडली. लिव्हर त्याच दमात खाली-वर झाली, दुसरं काडतूस आत बसलं, पण त्याची गरज पडली नाही. हरीण दोन उड्या मारून कोसळलं होतं.

याल्मरने मुलाच्या पाठीवर हात ठेवला. तो तिथे बराच वेळ होता.

घसरगाडीवर हरीण घालून ते अंगणात आले, तेव्हा ओन्नी, लेंपी आणि हेल्मी दारात धावत आले. ओन्नीला सकाळी काहीच मिळालं नव्हतं.

"अरे वा! कुणी मारलं?"

"बाबांनी," रेनो म्हणाला. "एका गोळीत."

लेंपीने दोन्ही हात छातीशी नेले.

"खोटं बोलतोय," याल्मर म्हणाला. "त्याने मारलं. माझा नेम लागत नव्हता, म्हणून त्याला दिली. गोळी कुठे लागलीय बघ, तुझ्यापेक्षा तरी बरी मारतो तो."

"बाबा, तुम्ही कशाला..." रेनो पुटपुटला.

"कशाला म्हणजे? तुझं हरीण माझ्या नावावर का? आणि एका गोळीत पडलं ते पडलं, पण दुसरी तयार होती. ती हेल्मीच्या हातची." तो हेल्मीकडे वळला. "कळलं ना? दुसरी तयार होती."

हेल्मीने नुसती मान हलवली. 

"मग आता बंदूक कुणाची?" ओन्नीने विचारलं.

"माझी. मेलोय का मी? ज्याला न्यायची त्याने मला विचारायचं आणि न्यायची. काल तुम्ही काढून घ्यायला निघाला होतात. आजपासून मी देणार." त्याने बंदूक रिकामी केली आणि हेल्मीपुढे धरली. "तू कधी विचारणार?"

"बाईमाणूस?" ओन्नी म्हणाला. "कॅम्पवर?"

"परवाना लागतो, बाबा," रेनो म्हणाला, पण तो हसत होता. "तिच्याकडे कुठे आहे?"

"आहे," हेल्मी म्हणाली. "गेल्या आठवड्यातच काढलाय."



"आणि मला बोलली नाहीस?" लेंपी म्हणाली.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

याल्मरने बंदूक तिच्या हातात दिली. "उजाडायच्या आत निघतो मी," तो म्हणाला. "लोकरीचे मोजे दोन घाल."